क्रौर्याची किंमत आणि धन्याचा प्रश्न

१

आपला समाज दयाळू आहे असे सांगणाऱ्यांची ह्या देशात कधी वाण पडलेली नाही. मुंग्यांना साखर घालावी, कबुतरांना दाणे टाकावेत, जेवणापूर्वी गाईला घास काढून ठेवावा, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळावे, आणि स्त्री ही देवता असल्याचा श्लोक सभासमारंभात म्हणावा, असे आपल्या दयेचे रीतिरिवाज आहेत. ह्याच समाजात चढावर अडलेल्या बैलाच्या पुठ्ठ्यात आर टोचली जाते. ह्याच समाजात नवरा बायकोला बडवू लागला की शेजारी आपल्या दाराची कडी लावून घेतात. आणि दलित स्त्रीची धिंड निघते तेव्हा गाव कडेला उभे राहून पाहते. आपले विचारवंत ह्याला विसंगती म्हणतात आणि प्रबोधन वाढले की ती नाहीशी होईल असा भरवसा देतात.

मला ही विसंगती वाटत नाही. क्रौर्य सहन करण्याची आपली रीत अतिशय सुसंगत आहे. तिला नियम आहेत, दर आहेत, अपवाद आहेत. ह्या व्यवस्थेत प्रत्येक क्रौर्याला किंमत लावलेली असते, आणि ती किंमत मार खाणाऱ्याच्या वेदनेवरून ठरत नाही; मार खाणाऱ्याचा धनी कोण ह्यावरून ठरते. हे माझे म्हणणे मी इतिहासातून आणि कायद्याच्या पुस्तकांतून तपासून पाहणार आहे.

'धनी' हा शब्द मी मुद्दाम घेतला. मराठीत जनावराचा मालक तो धनी आणि बाईचा नवरा तोही धनी. 'मालक' ह्या शब्दाचेही तेच. भाषा खोटे बोलत नाही. मुलगी वाईट घरी पडली तर 'गाय कसायाला दिली' म्हणतात. सोसणारी बाई 'गरीब गाय' असते. ताठ मानेने चालणारीला 'वेसण घातली पाहिजे' असे पंच सांगतात. स्त्रीला जनावराच्या पंक्तीला मी बसवीत नाही. ह्या व्यवस्थेने ते लेखी आणि तोंडी, दोन्ही तऱ्हांनी कधीच करून ठेवले आहे.

२

ह्या प्रश्नावर मराठीत पहिले नेमके बोट ठेवले ते एका मांग मुलीने. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी मुक्ताबाई वयाने चौदा-एक वर्षांची होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापला गेला. दलित साहित्याची सुरुवात कोठून धरायची ह्यावर आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली. पण ह्या निबंधातील विचारपद्धतीकडे व्हावे तितके लक्ष गेले नाही.

बाजीरावाच्या राज्याविषयी लिहिताना मुक्ताबाई गाढवाचे उदाहरण घेते. तिचे म्हणणे असे, की लंगड्या गाढवाला जरी कोणी मारले तरी त्याचा धनी मारणाऱ्याची फजिती केल्याखेरीज राहत नाही. पण मांग-महारांना मारू नका असे म्हणणारा कोणी होता काय? चौदा वर्षांच्या पोरीने येथे दयेचे सगळे तत्त्वज्ञान उलटे करून दाखवले आहे. गाढव वाचते ते त्याची कीव येते म्हणून नव्हे. ते लंगडे आहे, ओझे वाहण्याच्याही कामाचे नाही. तरी ते कोणाचे तरी आहे. मांग-महार कोणाचेच नव्हते. राबवायला साऱ्या गावाचे होते, राखायला कोणाचेच नव्हते.

त्याच निबंधात ती आपल्या जातीच्या बायकांच्या बाळंतपणाविषयी लिहिते. डोक्यावर छप्पर नाही, थंडी आहे, पाऊस आहे, आणि त्यात बाई बाळंत होते. बाळंत व्हायला गाईला निदान गोठा असतो. हे वाक्य तिचे नाही, माझे आहे. पण तिचा निबंध वाचून दुसरे काही मनात येत नाही.

मुक्ताबाईने ज्या राज्याचा उल्लेख केला त्या पेशवाईत कुणबिणींची प्रथा होती. बदकर्माचा आरोप आलेल्या, दुष्काळात विकल्या गेलेल्या, लढाईत हाती लागलेल्या बायका कुणबिणी म्हणून विकल्या आणि विकत घेतल्या जात. त्यांच्या किंमती दप्तरात लिहून ठेवल्या जात. सरकारी कोठ्यांत आणि पागांत त्यांना कामाला लावले जाई. कायद्याने गुलामीची मान्यता काढून घेतली ती १८४३ साली, म्हणजे मुक्ताबाईच्या जन्माच्या आगेमागे. धन्याचा प्रश्न तिच्यासाठी पुस्तकी नव्हता.

३

ह्या दरपत्रकाचे मूळ कोठे आहे ते पाहण्यासाठी मनुस्मृतीचा अकरावा अध्याय उघडावा. मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घुबड किंवा कावळा मारला तर शूद्राच्या हत्येला सांगितलेले प्रायश्चित्त घ्यावे असे तेथे म्हटले आहे. ब्राह्मणाची हत्या महापातकात मोडते. स्त्रीची, शूद्राची, वैश्याची आणि क्षत्रियाची हत्या मात्र उपपातकांत, म्हणजे दुय्यम पापांत आहे. त्याच यादीत गोवधही आहे. व्यभिचारिणी स्त्रीला ठार केले तर शुद्ध होण्यासाठी काय दान द्यावे, हेही वर्णाप्रमाणे ठरवून दिले आहे: ब्राह्मण स्त्री असेल तर कातड्याची पिशवी, क्षत्रिय असेल तर धनुष्य, वैश्य असेल तर बोकड, शूद्र असेल तर मेंढा. एका बाईचा जीव आणि एक मेंढा! आठव्या अध्यायात तर बायकोला आणि दासाला दोरीने किंवा वेळूच्या कांबीने कोठे मारावे हे सांगितले आहे. पाठीवर मारावे, डोक्यावर मारू नये. नांगराच्या बैलाला कोठे मारावे म्हणजे तो कामातून जाणार नाही, हे शहाणा शेतकरी आपल्या पोराला ह्याच सुरात सांगतो.

ह्या ग्रंथाला क्रूर म्हणून सोडून देणे सोपे आहे. मला त्यात क्रौर्यापेक्षा हिशेबीपणा अधिक दिसतो. मारू नये असे तो म्हणत नाही; कोणी, कोणाला, किती आणि कोणत्या भरपाईत मारावे हे तो ठरवून देतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली तेव्हा हे दरपत्रक जळले. पण कागद जळाला म्हणजे दर बदलतातच असे नाही.

४

इंग्रजी राज्यात दयेचे स्वरूप बदलले. मुंबईत १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावला तेव्हा पारशी लोकांनी आणि त्यांच्याबरोबर इतरांनी मोठा दंगा केला. शहराचे व्यवहार बंद पडले. पाठोपाठ १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद ह्यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था मुंबईत १८७४ साली निघाली आणि पुढल्या दशकात परळला जनावरांचा दवाखाना झाला. ह्या कामाची थोरवी मी नाकारीत नाही. मुक्या जिवासाठी शहर रस्त्यावर उतरते ही गोष्ट लहान नव्हे. पण त्याच काळात त्याच मुंबई इलाख्यात पेशव्यांचे राज्य जाऊनही अस्पृश्याला पाणवठ्यावर मार पडत होता, आणि त्यासाठी कोणत्याही शेटजींनी दुकाने बंद ठेवल्याचे आढळत नाही. दया होती, तिची वाट कोठून वळते तेवढेच पाहायचे.

ही वाट १८६० च्या भारतीय दंडसंहितेत स्पष्ट दिसते. जनावर ठार मारणे किंवा लुळेपांगळे करणे हा गुन्हा तेथे ४२८ आणि ४२९ ह्या कलमांत आहे. ही कलमे मालमत्तेच्या गुन्ह्यांच्या प्रकरणात, आगळीक ह्या सदराखाली येतात. जनावराला काय वाटले हा प्रश्न तेथे येतच नाही. नुकसान धन्याचे झाले. बैल, गाय, म्हैस, घोडा, उंट, हत्ती असेल तर, किंवा पन्नास रुपये वा त्याहून अधिक किंमतीचे दुसरे कोणतेही जनावर असेल तर, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. आता तीच संहिता पुढे चाळावी. कलम ४९७, परस्त्रीगमन. दुसऱ्याच्या बायकोशी, त्या दुसऱ्याच्या संमतीवाचून, संबंध ठेवला तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत. संमती कोणाची? बाईची नव्हे, नवऱ्याची. फिर्याद कोणी करायची? नवऱ्याने. परक्याचा बैल आणि परक्याची बायको, दोघांचे माप एकच. हे कलम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते २०१८ साली. जनावरांचा गुन्हा मात्र २०२३ च्या नव्या भारतीय न्याय संहितेतही मालमत्तेच्याच प्रकरणात ठेवला आहे.

हे झाले परक्याच्या मालाचे. आपल्या मालाचे काय? प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारा देशव्यापी कायदा १८९० साली झाला. रस्त्यात किंवा लोकांची ये-जा असलेल्या जागी जनावराला विनाकारण मारणे, त्याच्यावर अतिभार लादणे हे त्याने गुन्हा ठरवले. म्हणजे चारचौघांच्या नजरेला पडणाऱ्या क्रौर्यावर त्याचा भर होता. गाडीवान आणि घोडेवाला त्यात सापडत. भिंतीआड काय चालते ह्याच्याशी ह्या दयेला कर्तव्य नव्हते.

भिंतीआड काय चालत होते ते त्याच वर्षी कलकत्त्याच्या न्यायालयात उघडे झाले. फुलमणी दासी नावाची अकरा वर्षांची मुलगी तिशी उलटलेल्या नवऱ्याच्या संभोगाने १८८९ साली मेली होती. १८९० मध्ये खटला चालला. त्या वेळच्या कायद्यात बायकोचे वय दहाच्या वर असले की नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा होत नसे. नवरा सुटला नाही, पण हलक्या कलमाखाली त्याला एका वर्षाची सक्तमजुरी झाली. गाडीच्या बैलासाठी कायदा झाला ते वर्ष आणि बायको म्हणून मारल्या गेलेल्या पोरीला एका वर्षाचा न्याय मिळाला ते वर्ष एकच आहे. मला हा योगायोग वाटत नाही. बैल रस्त्यावर होता. फुलमणी घरात होती.

मग १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. मर्यादा दहावरून बारावर गेली. केवळ दोन वर्षे! तेवढ्यासाठी धर्म बुडाल्याची हाकाटी झाली. पुण्यात टिळकांच्या 'केसरी'ने विरोधाची आघाडी धरली. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, हा मुद्दा राष्ट्रीय ठरला. ह्याच वर्षांत गोरक्षणी सभांची चळवळ देशभर फोफावत होती आणि १८९३ साली तिच्या पाठोपाठ दंगे पेटले. गाईसाठी सरकारने कायदा करावा. बायकोच्या बाबतीत सरकारने दाराबाहेर उभे राहावे! दोन्ही मागण्यांमागचे तर्कशास्त्र एकच आहे. गाय हे धर्माचे धन आणि बायको हे घराचे धन. धनाचे रक्षण करावे. धन्याच्या हक्कात हात घालू नये.

तो हक्क अजून गेलेला नाही. आज बायकोच्या वयाची मर्यादा अठरावर आली आहे. पण अठरा वर्षांवरील बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कारात धरू नये, हा अपवाद २०२३ च्या संहितेनेही जसाच्या तसा ठेवला आहे. फुलमणीच्या खटल्यातला धनी अजून न्यायालयाच्या दारात उभा आहे. फक्त त्याच्या बायकोचे वय वाढले आहे.

५

आतापर्यंत धनी असलेल्यांचे झाले. ज्यांना धनीच नाही त्यांचे काय होते हे आपल्या वस्तीइतके दुसऱ्या कोणाला माहीत नाही.

'सोडणे' हे क्रियापद घ्या. देवाच्या नावाने वळू सोडतात. मरीआईला हल्या सोडत. यल्लमाला, खंडोबाला पोर सोडत. एकच क्रियापद तीन जिवांना लागले. सोडणे म्हणजे धन्याने दावे काढून घेणे. पण सोडलेल्या तिघांची गत एकसारखी होत नाही. वळू गावभर चरतो, त्याला कोणी हाकलीत नाही आणि तो आपल्या मरणाने मरतो. हल्याही तसाच चरे. पण जत्रेच्या दिवशी त्याला वाजतगाजत नेऊन तोडत आणि त्याच्या रक्ताचा बळी गावाच्या शिवेवर शिंपडत. अनेक गावांत पहिल्या घावाचा मान पाटलाचा असे. मारणे, ओढणे, वाहणे हे महार-मांगांच्या वाट्याला. जनावरांनाही आपण जाती लावल्या आहेत. गाय-बैल सवर्ण, म्हैस-रेडा अवर्ण. रेड्यावर यम बसवला, महिषासुराला देवीच्या पायाखाली घातले, आणि दोघांच्या मरणाचा उत्सव केला. रेड्याचे मरण आणि ते घडवणाऱ्याची अस्पृश्यता ही एकाच विधीची दोन टोके होत.

आणि सोडलेली पोर? तिला मुरळी म्हणा, जोगतीण म्हणा, देवदासी म्हणा. देवाशी लग्न लागले म्हणजे माणसांतला धनी राहिला नाही; आणि जिला धनी नाही ती सगळ्यांची. ह्या पोरी बहुतांशी आपल्याच घरातल्या होत्या. पाटील-इनामदारांच्या वाड्यावरून त्या मुंबईच्या कामाठीपुऱ्यात पोचल्या. क्रौर्य पवित्र केले की ते सहन करण्याचीही गरज उरत नाही. त्याचे दर्शन घेता येते.

ह्याविरुद्ध आवाज उठला तोही आधी आपल्यातूनच. शिवराम जानबा कांबळे ह्यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढले आणि मुरळी सोडण्याच्या चालीवर त्यातून मोहीम चालवली. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातील बायकांपुढे बाबासाहेब बोलले. त्यांनी कीव केली नाही. हे जिणे सोडा, मगच आमच्याबरोबर या, असे कठोर सांगितले. ती कठोरता मला दयेपेक्षा मोलाची वाटते, कारण तीत समोरच्या बाईला स्वतःची धनीण मानलेले आहे. मुंबई इलाख्यात देवदासींविषयीचा कायदा १९३४ साली झाला होता; तरी महाराष्ट्राला २००५ साली पुन्हा नवा कायदा करावा लागला. सत्तर वर्षांत पहिला कायदा किती राबला ह्याचा हाच दाखला.

ह्या संदर्भात एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारा आजचा कायदा १९६० सालचा. त्यासाठी राज्यसभेत आधी खासगी विधेयक आणले ते रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी. मद्रासकडील देवदासींचे नृत्य भरतनाट्यम म्हणून उच्चवर्णीयांच्या रंगमंचावर नेणाऱ्यांत त्या अग्रणी होत्या. त्यांच्या प्राणिप्रेमाविषयी मला शंका नाही. पण समाजाने काय केले पाहा. नृत्य उचलले, शुद्ध केले, प्रतिष्ठेला नेले. ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले त्या बायका मागे राहिल्या. जनावराला कायदा मिळाला, कलेला संस्था मिळाली, बाईला काहीच मिळाले नाही.

६

१९६० च्या त्या कायद्यात जनावराला मारणे, उपाशी ठेवणे, त्याचे हाल करणे ह्याला पहिल्या गुन्ह्यासाठी दंड आहे: कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास रुपये. साठ वर्षे उलटून गेली, हा आकडा बदललेला नाही. धर्माच्या रीतीप्रमाणे केलेली हत्या तर २८ व्या कलमाने गुन्ह्याबाहेरच ठेवली आहे.

पन्नास रुपयांचा हा आकडा लक्षात ठेवून १९७२ सालाकडे या. त्या वर्षी मराठवाड्यातील ब्राह्मणगावी दलित स्त्रियांची विटंबना झाली. त्यापूर्वी १९६३ साली औरंगाबाद जिल्ह्यातील शिरसगावी दलित स्त्रियांची नग्न धिंड काढली गेली होतीच. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वाढदिवशी राजा ढाले ह्यांनी 'साधना'त 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख लिहिला. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला तीनशे रुपये दंड आणि दलित स्त्रीचे लुगडे फेडण्याला पन्नास रुपये, असा हिशेब त्यांनी मांडला. त्यावर उसळलेला गदारोळ सर्वांना ठाऊक आहे. गदारोळ ध्वजासाठी झाला, लुगड्यासाठी नाही. म्हणजे ढाल्यांचा हिशेब गदारोळ करणाऱ्यांनीच खरा करून दाखवला.

त्या वेळी एक गोष्ट कोणी जोडून पाहिल्याचे मला दिसत नाही, म्हणून ती येथे जोडतो. जनावराचे हाल करण्याचा कमाल दंड पन्नास रुपये आणि ढाल्यांच्या हिशेबातील दलित स्त्रीच्या अब्रूचा दंडही पन्नास रुपये. मनूच्या अकराव्या अध्यायात कुत्रा आणि शूद्र ह्यांचे प्रायश्चित्त एक होते. दोन हजार वर्षांनी, संविधान आल्यावरही, आकडा एकच निघाला.

आणि हीच व्यवस्था जनावरावरूनही दोन तऱ्हेने बोलते. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. रेडा-म्हशीला ही बंदी नाही. तोच बैल जिवंतपणी उपाशी ठेवला, आर टोचून रक्तबंबाळ केला, तर पन्नास रुपये. बैलाच्या वेदनेची किंमत पन्नास रुपये आणि बैलाच्या पावित्र्याची किंमत पाच वर्षे! मग ह्या कायद्यांना भूतदयेचे कायदे कोण म्हणेल?

पावित्र्याची ही किंमत वसूल कोणाकडून होते तेही पाहिले पाहिजे. मेलेले ढोर ओढण्याचे काम ज्यांच्यावर लादले त्यांच्याकडून. १५ ऑक्टोबर २००२ रोजी हरियाणात दुलीना पोलीस चौकीजवळ गाय मारल्याच्या संशयावरून पाच दलितांना जमावाने ठार केले. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना बांधून फटकावले आणि त्याचे चित्रण करून मिरवले. मेलेल्या गाईलाही धनी निघाले. जिवंत माणसाला निघाले नाहीत. उन्याच्या तरुणांच्या बाजूने उठलेल्या चळवळीने मेलेली ढोरे सरकारी कचेऱ्यांपुढे टाकली आणि गाईचे शेपूट तुम्ही सांभाळा, आम्हाला जमीन द्या, अशी मागणी केली. महाडच्या १९२७ च्या परिषदेने मृतमांस सोडण्याचा जो ठराव केला होता त्याची ही नव्वद वर्षांनंतरची पुढची पायरी. दयेची याचना दोन्हीकडे नाही.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका आणि मुलगे रोशन व सुधीर ह्यांची हत्या झाली. गावाच्या देखत झाली. प्रेते बैलगाडीतून नेऊन कालव्यात टाकली. सुरेखाबाई जमिनीच्या हक्कासाठी ठामपणे उभ्या राहणाऱ्या होत्या, मुलीला शिकवीत होत्या. न कोणाची गरीब गाय, न कोणाच्या दावणीची. धन्यावाचून ताठ उभी राहिलेली दलित स्त्री हा ह्या व्यवस्थेच्या नजरेत सर्वांत मोठा गुन्हा असतो. जिल्हा न्यायालयाने आणि नंतर उच्च न्यायालयानेही ह्या खटल्यात अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. न्यायालयाला त्यात सूड दिसला, जात दिसली नाही.

१९८९ च्या त्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. मेलेली जनावरे ओढायला भाग पाडणे आणि अनुसूचित जाती-जमातीच्या स्त्रीला देवदासी म्हणून सोडणे, हे दोन्ही गुन्हे तिने एकाच यादीत घातले. किमान सहा महिने, कमाल पाच वर्षे. दंडाचे रुपये जाऊन तुरुंगाची वर्षे आली. मुक्ताबाईच्या निबंधानंतर एकशेसाठ वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात ढोर आणि बाई ह्यांचा संबंध आपल्या बाजूने लिहिला गेला. तो राबवणे मात्र ज्यांच्या हाती आहे ते कडेला उभे राहून पाहणाऱ्या गावातूनच येतात.

७

आता आपल्या घराकडे. हा प्रश्न केवळ सवर्णांचा आहे असे म्हणून आपली सुटका होत नाही. गावकुसाबाहेर ज्याला कोणी माणूस मानले नाही तो घरात येऊन धनी होतो, हे आपल्या बायकांनी आत्मकथनांत लिहून ठेवले आहे. बाहेर खाल्लेला मार घरात वाटला जातो. बाईला, आणि बाईकडून पोराला, बकरीला. व्यवस्थेने आपल्याला एकच पदवी फुकट दिली, ती धनीपणाची. आणि ती आपण जपून ठेवली.

करवीरच्या शाहू महाराजांना हे कळले होते. १९१९ साली त्यांनी आपल्या संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. भिंतीआडचे क्रौर्य हा राज्याचा विषय आहे हे त्यांनी मानले. स्वतंत्र भारताच्या दंडसंहितेत नवऱ्याच्या व सासरच्यांच्या छळाचे ४९८ अ हे कलम आले ते १९८३ साली, चौसष्ट वर्षांनी. बाबासाहेबांनी नागपूरच्या १९४२ च्या महिला परिषदेत बायकांना सांगितले की नवऱ्याची मैत्रीण होऊन राहा, दासी होऊन राहू नका. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्याकडून म्हणवून घेतलेल्या प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याचीही प्रतिज्ञा आहे. ती आपण घाईने म्हणतो. ताटात काय आहे हे पाहणाऱ्यांची दया ही नव्हे. ती शेजाऱ्याच्या ताटातल्या मटणावरून त्याचे मरण ठरवते. बुद्धाची अहिंसा समजावताना बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज ह्यांत फरक केला. प्रश्न इच्छेचा आहे. दुसऱ्या जिवावर धनीपण गाजवण्याची जी इच्छा, तिच्यापासून ही प्रतिज्ञा आपल्याला दूर ठेवू पाहते.

कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे, की अत्याचाराच्या घटनेनंतर गावात जाल तेव्हा मारणाऱ्यांची नावे नोंदवा तशी कडेला उभे असलेल्यांचीही नोंदवा. शिक्षकांना माझे सांगणे आहे, की भूतदयेचा धडा शिकवाल तेव्हा मुक्ताबाईचा निबंध त्याच तासाला वाचून दाखवा. ज्याचा धनी नाही त्याला मारले तर कोण बोलणार, हा तिचा प्रश्न आहे. त्याला नवा धनी शोधणे हे उत्तर नव्हे. ते उत्तर धर्माने दिले, राजांनी दिले, नवऱ्यांनी दिले. जनावर असो, बाई असो, गावकुसाबाहेरचा माणूस असो, त्याला लागते म्हणून मारू नये. तो कोणाचा आहे हे विचारायचे कारणच नाही. एवढे साधे उत्तर ज्या दिवशी ह्या देशाच्या चावडीवर, न्यायालयात आणि घरात मान्य होईल त्या दिवशी पन्नास रुपयांचा हिशेब मिटेल.